मेंढी गाभण आहे का? रक्त काय सांगते आणि ते कितपत खरे

दिवाळी सरली की पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातील कित्येक धनगर वाडे घाट उतरून कोकणाच्या वाटेला लागतात. निघण्यापूर्वी कळपाची निवड होते. कोणती मेंढी सोबत न्यायची, कोणती बाजारात उभी करायची, कोणाला चार मुठी दाणा अधिक घालायचा, याचा निर्णय बहुतेक एकाच प्रश्नावर येऊन थांबतो. मेंढी गाभण आहे की नाही? चुकून रिकामी ठरवलेली मेंढी खाटकाकडे जाते आणि तिच्याबरोबर पोटातले कोकरूही जाते. उलट, गाभण समजून पोसलेली मेंढी चार महिन्यांनी रिकामीच निघाली, तर तेवढ्या दिवसांचा चारा आणि एक वेत, दोन्ही वाया जातात.

जाणता मेंढपाळ नजरेने आणि हाताने ओळखतो, यात शंका नाही. नर लागल्यानंतर मेंढी पुन्हा माजावर आली नाही, म्हणजे उलटली नाही, की त्याला पहिला संकेत मिळतो. पुढे कास भरू लागते, कूस सुटते, आणि पोटाखाली हात घालून हलकेच उचलले की आतले कोकरू जाणवते. परंतु मेंढीचा गर्भकाळ सुमारे १४७ ते १५० दिवसांचा असतो आणि ही शारीरिक लक्षणे त्याच्या उत्तरार्धात स्पष्ट होतात. निर्णय मात्र पहिल्या दीड-दोन महिन्यांत घ्यावा लागतो. नेमक्या याच काळासाठी रक्ततपासणीचा मार्ग शोधला गेला. तो किती विश्वासाचा आहे, याचे उत्तर मात्र 'अमुक टक्के अचूक' अशा एका आकड्यात मावत नाही.

औषधाच्या दुकानातील पट्टी का चालत नाही?

स्त्रियांसाठीची गर्भनिदान पट्टी आज कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. साहजिकच प्रश्न पडतो, की तीच पट्टी मेंढीला का लावू नये? कारण ती पट्टी एचसीजी नावाचे संप्रेरक शोधते. गर्भाच्या बाह्य आवरणातून स्रवणारे हे संप्रेरक माणसात व त्याच्या जवळच्या प्राण्यांत आढळते. घोडीमध्येही त्याच जातीचे एक संप्रेरक असते. मेंढी, शेळी, गाय, म्हैस यांच्या शरीरात ते तयारच होत नाही. त्यामुळे पाच कोकरांची आई असलेली मेंढीही त्या पट्टीच्या हिशेबी कायम रिकामीच!

मेंढीचा गर्भ आपले अस्तित्व आईला वेगळ्या भाषेत कळवतो. साधारण बाराव्या-तेराव्या दिवशी, गर्भाशयाला घट्ट चिकटण्यापूर्वीच, तो एक प्रथिन सोडू लागतो. सुरुवातीला या प्रथिनाला निरनिराळी नावे होती. ते इंटरफेरॉनच्या, म्हणजे विषाणूंविरुद्ध लढणाऱ्या प्रथिनांच्या कुळातले आहे, हे १९८७ मध्ये उघड झाले आणि पुढे 'इंटरफेरॉन टाऊ' हे नाव रूढ झाले. अडचण अशी, की हा निरोप मुख्यतः गर्भाशयापुरता राहतो. रक्तात त्याचा थेट माग काढणे कठीण असते. म्हणून रक्ततपासणीला त्या निरोपाच्या परिणामांवर किंवा पुढे वारेतून येणाऱ्या द्रव्यांवर अवलंबून राहावे लागते.

सतराव्या दिवसाची कसोटी

मेंढीचे माजाचे चक्र साधारण सोळा-सतरा दिवसांचे असते. बीजकोशातून बीज बाहेर पडले की त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवू लागतो. गर्भ राहिला नाही, तर चौदाव्या-पंधराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडते, पीतपिंड आकसतो, प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि मेंढी पुन्हा माजावर येते. गर्भ राहिला असेल तर इंटरफेरॉन टाऊच्या निरोपामुळे ही सगळी मालिका थांबते आणि प्रोजेस्टेरॉन चढेच राहते.

यावरून साधी युक्ती निघाली. नर लागल्यापासून सोळा ते अठराव्या दिवसादरम्यान रक्त घ्यावे आणि प्रोजेस्टेरॉन मोजावे. रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, ही सर्वसाधारण सीमा मानली जाते. त्याखाली असेल तर मेंढी रिकामी, वर असेल तर बहुधा गाभण. इतके सूक्ष्म प्रमाण मोजणे शक्य झाले ते रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेल्या किरणोत्सारी प्रतिपिंड तंत्रामुळे. यालो यांना त्यासाठी १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. गाय, मेंढी आणि डुकरीण यांच्यासाठी प्रोजेस्टेरॉनवर आधारलेली लवकरची गर्भचाचणी रॉबर्टसन आणि सरडा यांनी १९७१ मध्ये मांडली. त्याच वर्षी एलायझा हे रंगबदलावर चालणारे, किरणोत्सारी द्रव्याची गरज नसलेले तंत्रही पुढे आले आणि हळूहळू अशा चाचण्या सामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्यात आल्या.

या चाचणीचा स्वभाव विलक्षण एकतर्फी आहे. तिचे 'नाही' जवळजवळ शंभर टक्के खरे असते, कारण प्रोजेस्टेरॉनशिवाय गर्भ टिकूच शकत नाही. योग्य दिवशी घेतलेल्या रक्तात ते नसेल, तर वाद संपला. तिचे 'होय' मात्र तितके पक्के नाही. प्रोजेस्टेरॉन हे काही गर्भाचे द्रव्य नव्हे. ते आईच्या बीजकोशाचे आहे. गर्भ राहून तेराव्या-चौदाव्या दिवसानंतर मेला, तरी पीतपिंड काही दिवस रेंगाळतो. एखाद्या मेंढीचे चक्रच लांबते. गर्भाशयाच्या काही विकारांतही ते चढे राहते. या सर्व मेंढ्या कागदावर 'गाभण' ठरतात आणि पुढे वीतच नाहीत.

त्याहून मोठी अडचण तारखेची. नर कोणत्या दिवशी लागला हे ठाऊक नसेल, तर एकाच नमुन्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण माजाच्या सतरा दिवसांपैकी निम्म्याहून अधिक दिवस रिकाम्या मेंढीच्या रक्तातही प्रोजेस्टेरॉन सीमेच्या वरच असते. परदेशातील मोठ्या फार्मवर मेंढ्याच्या छातीला रंगाचा पट्टा बांधतात. ज्या मेंढीवर तो चढला तिच्या पाठीवर रंग उमटतो, आणि दर सतरा दिवसांनी रंग बदलला की तारखांचा हिशेब आपोआप राहतो. आपल्याकडे नर कळपातच मोकळा फिरत असेल तर ही तारीख कोणाच्याच वहीत नसते. म्हणून कृत्रिम रेतन केलेल्या किंवा संशोधन केंद्रातील मेंढ्यांसाठी ही चाचणी चांगली, रानातल्या कळपासाठी तिचा उपयोग बेताचाच.

वारेची साक्ष

खरा बदल घडला तो गर्भाकडूनच येणाऱ्या प्रथिनांचा शोध लागल्यावर. अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठातील संशोधकांनी १९८२ मध्ये गाईच्या वारेतून केवळ गाभणपणातच आढळणारी प्रथिने वेगळी केली. त्यांतील एकाला 'पीएसपीबी' असे नाव मिळाले. १९९१ मध्ये बेल्जियममधील लिएज येथील गटाने याच कुळातले एक प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळवले. आज या कुळाला 'गाभणपणाशी निगडित ग्लायकोप्रथिने', संक्षेपाने 'पॅग', म्हणतात.

रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या वारेत दोन केंद्रके असलेल्या काही खास पेशी असतात. त्या गर्भाच्या बाजूकडून आईच्या गर्भाशयाच्या आवरणात शिरतात, तिथल्या पेशींशी एकरूप होतात आणि आपल्याजवळचा साठा आईच्या रक्तात रिकामा करतात. हीच ती पॅग प्रथिने. विशेष म्हणजे गाईच्या प्रथिनांविरुद्ध सशाच्या शरीरात तयार केलेली प्रतिपिंडे मेंढीच्या प्रथिनांनाही ओळखतात. त्यामुळे गाईसाठी बांधलेली चाचणी मेंढीलाही लागू करता आली. १९८८ मध्ये तसे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज गाय, म्हैस, मेंढी आणि शेळी यांना चालणारे एलायझा संच उपलब्ध आहेत. मानेच्या शिरेतून दोन-तीन मिलिलिटर रक्त एवढाच काय तो मेंढीला त्रास.

प्रोजेस्टेरॉन आणि पॅग यांतला भेद समजून घेण्यासारखा आहे. पहिले आईचे, दुसरे वारेचे. रिकाम्या मेंढीच्या शरीरात वारच नसते, म्हणून पॅगही नसते. चक्राचा दिवस कोणताही असो. मेंढीच्या रक्तात ती तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतात, बाविसाव्या दिवसाच्या सुमारास बहुसंख्य गाभण मेंढ्या पकडल्या जातात, आणि चौथा आठवडा पूर्ण झाल्यावर क्वचितच एखादी निसटते. हंगेरी व बेल्जियममधील संशोधकांनी २००३ मध्ये त्याच त्या मेंढ्यांवर गुदमार्गे सोनोग्राफी आणि पॅग चाचणी अशी तुलना प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ताची साक्ष सोनोग्राफीपेक्षा अधिक भरवशाची ठरली. प्रयोगशाळा सामान्यतः तीस दिवसांची अट घालतात, ती याच हिशेबाने.

ही अट मोजायची कुठून, यात मात्र हमखास चूक होते. कळपातला नर बाजूला काढल्याच्या दिवसापासून तीस दिवस मोजायला हवेत, सोडल्याच्या दिवसापासून नव्हे. नर अजून कळपात असताना रक्त घेतले, तर पंधरा दिवसांपूर्वी गाभ राहिलेली मेंढी चाचणीत रिकामीच दिसणार. त्यात चाचणीचा दोष काहीच नसतो. रक्तात नसलेली गोष्ट ती दाखवणार कशी? पण कळपाचा मालक ती मेंढी विकून मोकळा झालेला असतो.

दुसरी मर्यादा उलट बाजूची आहे. गर्भ मेला किंवा मेंढी गाभडली, तरी पॅग रक्तातून त्याच दिवशी नाहीशी होत नाहीत. त्यांचा अंश काही दिवस रेंगाळतो. त्या काळात घेतलेले रक्त 'गाभण' म्हणते. व्यायल्यानंतरही तसेच. गाईच्या बाबतीत हा अंश दोन महिन्यांहून अधिक काळ राहू शकतो, म्हणून व्यायल्यानंतर बरेच दिवस थांबावे लागते. मेंढीचे रक्त त्या मानाने लवकर निवळते. साधारण चार आठवड्यांत पातळी अगदी खाली येते. मेंढी व्यायल्यानंतर इतक्या थोड्या दिवसांत पुन्हा गाभ राहून तपासणीला येण्याचा प्रसंग तसा दुर्मीळ, म्हणून ही अडचण गोठ्यात जितकी भेडसावते तितकी वाड्यावर भेडसावत नाही.

शेळीपालकांसाठी इथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शेळीमध्ये खोटा गाभ हा विकार बऱ्यापैकी आढळतो. गर्भाशयात पाणी साठते, पोट वाढते, प्रोजेस्टेरॉन चढे राहते, आणि एके दिवशी सगळे पाणी निघून जाते. प्रोजेस्टेरॉन चाचणी अशा शेळीला बिनदिक्कत गाभण ठरवते. पॅग चाचणी फसत नाही, कारण तिथे वार नसते. मेंढीत हा विकार विरळा आहे.

आणखी लवकर कळेल का?

त्यासाठी प्रयत्न कमी झालेले नाहीत. गाभ राहिल्यानंतर अवघ्या काही दिवसांत रक्तात दिसणारा एक घटक ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९७०च्या दशकात वर्णिला होता आणि मेंढीतही तो पाहिला गेला. पण तो ओळखण्याची पद्धत इतकी किचकट आणि निष्कर्ष इतके बेभरवशाचे निघाले, की व्यवहारात तिचा टिकाव लागला नाही. अलीकडची वाट इंटरफेरॉन टाऊच्या परिणामांची आहे. या प्रथिनाच्या प्रभावाने आईच्या रक्तातील पांढऱ्या पेशींमधील काही जनुके जागी होतात आणि ती अठरा-वीस दिवसांच्या आतही मोजता येतात. परंतु इंटरफेरॉन हे मुळात विषाणूंविरुद्धचे हत्यार. साध्या विषाणूजन्य आजारातही तीच जनुके जागी होतात. सर्दी-तापाने बेजार झालेली रिकामी मेंढी गाभण ठरण्याचा धोका त्यामुळे राहतोच.

उलट दिशेने, वारेतून स्रवणारे लॅक्टोजेन हे संप्रेरक आणि ईस्ट्रोन सल्फेट यांच्याही चाचण्या झाल्या. त्या चांगल्या अचूक आहेत, पण पन्नास-साठ दिवसांनंतर. तोपर्यंत सोनोग्राफी स्वस्तात तेच सांगून जाते. या दोन्ही चाचण्या आता मुख्यतः संशोधनापुरत्या उरल्या आहेत.

'९५ टक्के अचूक' म्हणजे नेमके काय?

जाहिरातीत एकच आकडा असतो. शास्त्रात किमान दोन लागतात. गाभण असलेल्या शंभर मेंढ्यांपैकी किती चाचणीने ओळखल्या, ही झाली तिची संवेदनशीलता. रिकाम्या शंभरांपैकी किती रिकाम्या म्हणून ओळखल्या, ही विशिष्टता. परंतु मेंढपाळाला या दोन्हींपैकी एकही आकडा थेट उपयोगाचा नाही. त्याच्यापुढे प्रश्न उलटा असतो. समोरच्या कागदावर 'रिकामी' लिहिले आहे. ते खरे असण्याची शक्यता किती? आणि या प्रश्नाचे उत्तर चाचणीइतकेच कळपावरही अवलंबून असते.

एक कल्पित हिशेब पाहू. कळपात २०० मेंढ्या आहेत आणि हंगाम चांगला गेल्याने त्यांतल्या १८० गाभण आहेत. चाचणीची संवेदनशीलता ९५ टक्के आणि विशिष्टताही ९५ टक्के धरू. १८० गाभण मेंढ्यांपैकी १७१ ओळखल्या जातील, ९ निसटतील. २० रिकाम्यांपैकी १९ रिकाम्या ठरतील, एक चुकून गाभण ठरेल. आता कागद हाती घ्या. 'गाभण' शिक्का बसलेल्या १७२ मेंढ्यांत चूक फक्त एक. 'रिकामी' शिक्का बसलेल्या मात्र २८ आणि त्यांतल्या ९ प्रत्यक्षात गाभण! म्हणजे '९५ टक्के अचूक' चाचणीवर विसंबून विकायला काढलेल्या मेंढ्यांपैकी जवळपास दर तिसरी पोटुशी.

तोच कळप, तीच चाचणी, पण वर्ष दुष्काळाचे. १०० गाभण, १०० रिकाम्या. आता 'रिकामी' ठरलेल्या १०० मेंढ्यांत चुकीच्या फक्त ५. चाचणी तसूभरही बदललेली नाही. तिच्या 'नाही'चे मोल बदलले. ज्या वर्षी कळप उत्तम फळला असेल, त्याच वर्षी 'रिकामी' या शेऱ्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा, असा हा काहीसा चमत्कारिक न्याय आहे. बहुतेक माहितीपत्रकांत तो कुठेच लिहिलेला नसतो.

उपाय अवघड नाही. सगळा कळप पुन्हा तपासण्याची गरज नाही. फक्त 'रिकामी' ठरलेल्या २८ मेंढ्या दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायच्या. पहिल्यांदा निसटलेल्या मेंढ्यांतील बऱ्याचशा केवळ दिवस कमी भरल्यामुळे निसटलेल्या असतात, आणि तेवढ्या काळात त्यांच्या रक्तातील पॅगची पातळी ओळखण्याइतकी चढते. चांगल्या प्रयोगशाळा सीमेवरच्या नमुन्यांना 'होय' किंवा 'नाही' न म्हणता 'पुन्हा तपासा' असा शेरा देतात. हा शेरा मिळाला की पशुपालक वैतागतो. वास्तविक तोच सर्वांत प्रामाणिक शेरा असतो.

अचूकतेच्या आकड्यामागे आणखी एक गाठ आहे. चाचणी खरी की खोटी, हे ठरवायचे कशावरून? बहुतेक अभ्यासांत अंतिम साक्षीदार असते ते प्रत्यक्ष वेत. परंतु तिसाव्या दिवशी खरोखरच गाभण असलेली मेंढी साठाव्या दिवशी रानात गाभडली आणि कोणाच्या ध्यानात आले नाही, तर अभ्यासाच्या वहीत चाचणीच्या नावावर चूक चढते. मेंढीमध्ये फलित बीजांपैकी साधारण २० ते ३० टक्के पुढे टिकत नाहीत आणि त्यातली बहुतेक हानी पहिल्या महिन्यात होते. म्हणून चाचणी जितकी लवकरची, तितकी तिच्या 'होय'ची आणि प्रत्यक्ष कोकरांची तफावत मोठी. सतराव्या दिवशीचे 'होय' आणि पस्तिसाव्या दिवशीचे 'होय' यांत हा फरक राहतोच, तंत्र कितीही सुधारले तरी.

कुपीवरची चिठ्ठी

प्रयोगशाळेतील रसायनापेक्षा कुपीवरची चिठ्ठी अधिक दगा देऊ शकते. शंभर-दीडशे मेंढ्या धरायच्या, एकसारख्या दिसणाऱ्या, काळ्या-करड्या. एकाने पकडायचे, एकाने शिरेत सुई घालायची, एकाने क्रमांक लिहायचा. कानातला बिल्ला नसेल किंवा एक कुपी पुढेमागे झाली, तर तिथून पुढचे सगळे निकाल एका मेंढीने सरकतात. अशा वेळी तंत्राची अचूकता ९९ टक्के असली तरी तिचा उपयोग शून्य. एका मेंढीची सुई दुसरीला वापरणे हेही टाळलेच पाहिजे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा धोका तर असतोच, शिवाय आधीच्या गाभण मेंढीचे रक्त पुढच्या नमुन्यात मिसळू शकते.

नमुना ठेवण्याचाही परिणाम होतो. प्रोजेस्टेरॉन मोजायचे असेल, तर रक्तद्रव पेशींपासून लवकर वेगळा करणे इष्ट, कारण पेशींच्या संगतीत राहिल्यास हे संप्रेरक घटू शकते. गाईच्या रक्तात ही घट ठळकपणे नोंदली गेली आहे. घट झाली की गाभण जनावर रिकामे दिसते. म्हणजे या चाचणीचे जे उत्तर सर्वांत पक्के मानले जाते, तेच निष्काळजीपणे हाताळलेल्या नमुन्यात डळमळते. पॅग ही प्रथिने त्या मानाने चिवट. डोंगरकपारीतून प्रयोगशाळेपर्यंत पोचायला दोन दिवस लागणार असतील, तर हाही एक विचार.

सोनोग्राफी की रक्त?

मेंढीची प्रत्यक्ष चित्र दाखवणारी सोनोग्राफी १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात कळपाच्या पातळीवर वापरात आली. ब्रिटन, न्यूझीलंडमध्येही ती रुळली. सराईत माणूस दिवसाकाठी शेकडो मेंढ्या तपासतो, उत्तर जागच्या जागी मिळते. त्यापूर्वीच्या काळात आयडाहोतील मेंढी संशोधन केंद्रातील हुलेट यांनी १९७२ मध्ये गुदमार्गे एक गुळगुळीत दांडी घालून गर्भाशय चाचपण्याची रीत मांडली होती. ती अचूक होती. पण आतड्याला इजा होण्याचे आणि गाभडण्याचे प्रकार घडू लागल्याने मागे पडली. शोधून काढण्याच्या नादात जे शोधायचे तेच गमावण्याचा हा नमुना.

सोनोग्राफीला एक गोष्ट जमते, ती रक्ताला जमत नाही. साधारण ४५ ते ९० दिवसांच्या टप्प्यात ती पोटातली कोकरे मोजते. जुळे असलेल्या मेंढीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन आणि पॅग यांची सरासरी पातळी अधिक असते, हे खरे. पण एकटे आणि जुळे यांच्या आकड्यांत एवढी सरमिसळ होते, की एखाद्या मेंढीपुरता निर्वाळा देता येत नाही. गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या काळात जुळी पोटात असलेल्या मेंढीला पुरेसा खुराक मिळाला नाही, तर तिच्या रक्तातली साखर उतरते, ती सुस्तावते, कळपामागे राहते आणि अनेकदा दगावते. म्हणून जिथे जुळ्यांचे प्रमाण मोठे, तिथे केवळ 'गाभण' एवढे उत्तर अपुरे पडते.

महाराष्ट्रात हा प्रश्न फार काळ उद्भवलाच नाही, कारण दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने मात्र सुंदरबनच्या चिमुकल्या गारोळ मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि त्यातून 'नारी सुवर्णा' ही जुळी देणारी मेंढी घडवली. हे जनुक ऑस्ट्रेलियातील बुरुला मेंढीतही आहे आणि तेही अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून तिकडे गेलेल्या मेंढ्यांकडूनच पोचले असावे, असे मानले जाते. अशा मेंढ्या ज्याच्या कळपात आहेत, त्याने तिसाव्या दिवशी रक्त तपासून घेतले तरी साठाव्या दिवसाच्या आसपास सोनोग्राफीला पर्याय नाही.

२०१९च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींचे रक्त गर्भनिदानासाठी कधी काढलेच जाणार नाही, आणि भटक्या वाड्यावरील प्रत्येक मेंढीची तपासणी करावी असे म्हणणे व्यवहाराला धरून होणारही नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राज्य शासनाच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि एक नर असा गट अनुदानावर देण्याची तरतूद होती. एवढ्या लहान गटात एक मेंढी म्हणजे पाच टक्के कळप. तिथे नर बाजूला काढल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवणे, पस्तिसाव्या दिवशी एकदा रक्त घेणे आणि 'रिकामी' ठरलेल्या दोन-तीन मेंढ्या आणखी तीन आठवडे न विकता पुन्हा तपासणे, एवढे सहज होऊ शकते. खर्च त्या दोन-तीन कुप्यांचा आणि तेवढ्या दिवसांच्या चाऱ्याचा.

नर एका कळपातून दुसऱ्या कळपात फिरत असेल, तर मात्र ही तारीख कधीच नक्की होत नाही. अशा वेळी पहिल्या तपासणीतील 'रिकामी' हा शेरा कच्चाच धरावा लागतो.